अर्गिरिसच्या वाऱ्याचा भाव

आमच्या बेटावर अर्गिरिसइतका वाऱ्यावर जीव टाकणारा माणूस दुसरा नाही. जहाजावरची नोकरी संपवून आला आणि बापाच्या माळावर त्याने पवनचक्की उभी केली. तिच्या विजेचा भाव ठरवायला अथेन्सहून कंपनीचा साहेब आला. बैठक बसली बंदरावरच्या माझ्या खानावळीत.

"तुमच्या विजेमुळे बेटावरच्या आमच्या जनरेटरचं जेवढं डिझेल वाचेल, तेवढे पैसे तुम्हाला," साहेब म्हणाला. "हवी तेव्हा वीज देण्याची हमी असेल, तर त्याचे वेगळे देतो. पण वाऱ्याचा काय भरवसा? आमचा जनरेटर तयार ठेवावाच लागणार."

"माझा वारा बेभरवशाचा?" अर्गिरिस भडकला. पण साहेब ढिम्म हलेना. शेवटी याने नुसत्या डिझेलच्या भावावर सही केली.

त्याची बायको मारूसो माझ्याशेजारी वाटाणे सोलत होती. पात्रास शहरात यांची मुलगी बाळंत होणार, हिला जायचं होतं, आणि हा "माझ्या जेवणाचं काय?" म्हणून अडून बसला होता. ती उठली.

"साहेब, मी रांधलं नाही तर यांना विकत खावं लागेल. म्हणजे वाचतात ते पैसे माझे ना?"

"हिशोबाने तसंच," साहेब हसला.

"आणि मी तर कधी बंद पडले नाही. हमीचेही माझेच!"

"अगं, घरात कोणी भाव लावतं का?" अर्गिरिस म्हणाला.

"मग बघाच आता, तुमचं काय वाचत होतं ते," म्हणून तिने दुसऱ्या दिवशी बोट पकडली.

हा रोज माझ्याकडे जेवायला. आधी ऐटीत यायचा, मग कुरकुर सुरू झाली. "मारूसो मसुराच्या सुपात तमालपत्र घालते." माझ्याच टेबलावर बसून माझ्याच सुपाला नावं! बिल मी जरा वाढवूनच लावलं, खोटं कशाला बोलू?

नात झाली. मारूसो परत निघणार, तोच उत्तरेचा वारा सुटला आणि बोटी बंद झाल्या. माळावर चक्की बेभान फिरतेय, कमाई जोरात, आणि हा टोपी मुठीत धरून धक्क्यावर वाऱ्याला शिव्या घालतोय. माझ्याकडे जेवायला बसला तेव्हा तिचा फोन आला.

"काय हो, चक्की फिरतेय ना? मजा आहे तुमची!"

"फिरतेय मेली," तो म्हणाला. "मारूसो, कंपनीचे सगळे पैसे तू घे. तुझ्या हमीचेही घे. पण हा वारा एकदाचा पडू दे गं."

अर्गिरिसच्या तोंडून हे! मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी आत गेले आणि सुपात तमालपत्र टाकलं.