मावशी, वन्सं आणि पोटातले जंतू

माझी मावशी एका मोठ्या इस्पितळात धुलाई विभागाची प्रमुख होती. तळघरातल्या त्या लांबट खोलीत तिनं सत्तावीस वर्षं काढली. माणसाच्या उंचीची सहा यंत्रं, वाफ, आणि बरोबर मध्ये एक भिंत. मळक्या चादरी एका बाजूनं यंत्रात जात आणि धुऊन भिंतीपलीकडे निघत. मळक्या बाजूचा कुणी तसाच स्वच्छ बाजूला आला, की मावशी आवाज न चढवता एवढंच म्हणायची, "मागे फिरा." भलेभले मागे फिरायचे. एकदा तर इस्पितळाचे व्यवस्थापकही फिरले.

कामावर हे योग्यच होतं. पण मावशी घरीही तशीच वागायची. दाराच्या कड्या, फोन, काकांचा चष्मा, सगळं दिवसातून दोनदा जंतुनाशकानं पुसलं जाई. काका म्हणायचे, "मी फार वेळ एका जागी बसत नाही. न जाणो, मलाही पुसून काढायची."

काकांची थोरली बहीण शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत कामाला होती. आम्ही सगळे तिला माळीणबाई म्हणायचो. मावशी मात्र रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हणे, पण दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. माळीणबाई वाफ्यातून गाजर उपटणार, जरासं धुतल्यासारखं करणार आणि उभ्या उभ्या कराकरा खाणार. कायम नखांत माती. ती घरी येऊन गेली की मावशी खुर्ची धुवायला घ्यायची, आणि हे माळीणबाईला ठाऊक होतं. म्हणून ती मुद्दाम प्रत्येक वेळी वेगळ्या खुर्चीवर बसायची.

मावशी साठीला आली तेव्हा तिची अक्कलदाढ सडली. दाढ काढली, जखम चिघळली, दहा दिवस जोरदार प्रतिजैविकं घ्यावी लागली. दाढेचं दुखणं थांबलं आणि पोट बिघडलं. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागे. चार पावलं चालली तरी भिंत धरायची पाळी.

"वन्संच्या पालेभाजीनंच केलं हे," मावशीनं निकाल देऊन टाकला.

पण तपासणीत निघालं भलतंच. डॉक्टरीणबाई मावशीच्या ओळखीच्या, त्याच इस्पितळातल्या. त्यांनी पलंगाशी खुर्ची ओढून नीट समजावलं. "आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. त्यातले बरेचसे कामाचे. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात, आतड्याच्या अस्तराला पोसतात, आणि मुख्य म्हणजे वाईट जंतूंना पाय पसरू देत नाहीत. तुम्हाला दाढेसाठी दिलेल्या औषधानं दाढेतले जंतू मारले, तसे हेही मारले. मग एका वाईट जंतूला रान मोकळं मिळालं. तो विष सोडतोय, त्यानं हे जुलाब."

"म्हणजे बाहेरून आला ना तो?"

"आला असेल. किंवा आधीच आत गपचूप पडून असेल. पुष्कळांच्या पोटात असतो, पण चांगल्यांच्या गर्दीत त्याचं काही चालत नाही."

चांगले जंतू, हे दोन शब्द एकत्र ऐकून मावशीनं डोळेच मिटले.

त्या जंतूवर औषध होतं. ते घेतलं की बरं वाटे, आणि थांबवलं की पंधरवड्यात पुन्हा तेच. असं तीनदा झालं. नऊ किलो वजन उतरलं. चौथ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एक वेगळा उपाय करू. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून, नळीवाटे तुमच्या मोठ्या आतड्यात सोडायची. तिच्यातले चांगले जंतू तिथं वस्ती करतील आणि या दांडग्याला आवरतील."

मावशी कोपर टेकून उठून बसली. मग म्हणाली, "पंचवीस वर्षं मी जे चादरीवरून काढत आले, ते तुम्ही माझ्या आत घालणार?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरेना.

आता दाता शोधायचा. काकांना खोकल्यासाठी मागच्याच महिन्यात प्रतिजैविकं दिलेली, म्हणून ते बाद. मी मोठ्या ऐटीत नाव दिलं, तर माझ्याच तपासणीत नको ते काहीतरी सापडलं आणि मलाच औषध घ्यावं लागलं. माळीणबाईचं रक्त तपासलं, विष्ठा तपासली, चार पानांचे प्रश्न विचारले. कशातही खोट निघेना. सहा वर्षांत तिनं प्रतिजैविकाची गोळी घेतली नव्हती.

ही बातमी घेऊन माळीणबाई स्वतःच इस्पितळात आली. मावशी कुशीवर वळली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वन्सं, दुसरं कुणी नाहीच का मिळालं?"

माळीणबाई पलंगाच्या कडेवर बसली. "वहिनी, तीस वर्षं मी तुझं बोलणं पोटात घातलं. आता एकदा माझं तू घाल."

मग मावशीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. पोट धरून, कळा सोसत हसत होती, आणि माळीणबाई तिची पाठ चोळत होती. मातीच्या नखांनी.

उपचार अर्ध्या तासात झाला. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. पाचव्या दिवशी सकाळी मावशी म्हणाली, "मला भूक लागलीय." काका पावाचा तुकडा शोधायला असे धावले, की चपला दोन वेगवेगळ्या घालून गेले.

दीड महिन्यानं ती कामावर रुजू झाली. धुलाई विभागात तिनं काडीचाही बदल केला नाही. आजारी माणसाच्या अंगाखाली जाणारी चादर निर्जंतुकच हवी. पण घरातली जंतुनाशकाची बाटली कपाटात मागे गेली आणि हात धुवायला साधा साबण आला. ती डाळी, फळं, पालेभाज्या भरपूर खाऊ लागली. पुढे एकदा सर्दीसाठी एका डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिलं, तेव्हा तिनं विचारलं, "हे खरंच लागणार आहे, की मला बरं वाटावं म्हणून देताय?" डॉक्टरांनी ते खोडलं.

इस्पितळानं नंतर माळीणबाईला कायमची दात्री व्हायला सांगितलं. तिच्यामुळे आणखी चार जण बरे झाले, असं डॉक्टरीणबाईंनी कळवलं. तेव्हापासून ती रोपवाटिकेत अशी ताठ मानेनं चालते, की बाकीचे माळी वाट देतात. तपासणीला तिच्याबरोबर मावशी जाते. परवा नव्या परिचारिकेनं मावशीला विचारलं, "या तुमच्या कोण?"

"नणंद," मावशी म्हणाली, आणि फाईल पुढे सरकवत आवाज थोडा चढवून म्हणाली, "मागच्या सगळ्या तपासण्यांचे निकाल आहेत त्यात. एकातही नाव ठेवायला जागा नाही. बघून घ्या."