उंबऱ्यापासून फळ्यापर्यंत

"डोळे मिचकावतेस? गुरुजींकडं बघून?"

छडी आली. फेकलेली. गुरुजी मला छडी फेकूनच मारायचे. हातातल्या छडीनं मारलं तर विटाळ छडीतून हातापर्यंत चढतो, अशी त्यांची समजूत. मग कुणीतरी त्या छडीवर पाणी शिंपडायचं आणि ती त्यांना परत द्यायची. पोरं हसायची. मी दंड चोळत बसायची.

मी मिचकावत नव्हते. डोळे बारीक करत होते. बारीक केले की फळ्यावरचा पांढरा धूर जरा आवळायचा आणि एखादं अक्षर हाती लागायचं.

घोडेगावच्या वर, डोंगराकडं आमचं गाव. शाळेची एकच खोली. महारवाड्यातून येणारी मी एकटी, म्हणून माझं बसायचं पोतं उंबऱ्याबाहेर. तिथून फळा धड दिसायचाच नाही. कानावर पडेल तेवढं पाठ करायची. दिवसभर कान देऊन इतकी दमायची, की घरी भाकरी हातात असतानाच डोळा लागायचा. तो शीण अजून अंगात आहे.

गुरुजींनी आईला बोलावलं. "मठ्ठ आहे पोर. चौथीला बसवणार नाही. नाव काढून घे."

आईनं मान खाली घालून ऐकलं. पण वाटेत म्हणाली, "मठ्ठ न्हाईस तू. सुईत दोरा तूच ववून देतीस मला. तुला लांबचं दिसत न्हाई, एवढंच."

घोडेगावच्या बाजारात जुन्नरचे एक मुसलमान चाचा लोकांचे जुने चष्मे पोत्यावर मांडून बसायचे. एकेक लावून बघायचा, जुळेल तो आपला. आईनं जंगलातून वेचलेला हिरडा पदरातून त्यांच्यापुढं ओतला. बरेच चष्मे झाले. मग एक काळ्या काड्यांचा लावला आणि चाचा म्हणाले, "बघ बेटी, पार त्या टोकाला."

टोकाला माणसं होती. त्यांना तोंडं होती. लांबच्या माणसाला तोंड नसतंच, असं मी तोवर धरून चालले होते. मी रडले. आईही रडली.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून उंबऱ्याबाहेर बसले. फळ्यावरचा शब्द न् शब्द दिसला. आणखी एक दिसलं. माझं पोतं आणि पोरांची शेवटची रांग, यांच्यामध्ये मोकळी जमीन होती. सारवलेली, स्वच्छ. चार पोरं मांडी घालून बसतील एवढी. इतके दिवस मला वाटायचं, खोली भरलेली आहे, जागाच नाही, म्हणून मी बाहेर. माझ्या डोळ्यांचा राग आला, गुरुजींचा त्याहून जास्त.

गुरुजींनी पाहिलं. "चष्मा? पाटलांपुढं वहाणा घालून उभे राहता का तुम्ही? मग माझ्यापुढं हे काय? काढ."

काढला. फळा परत धूर झाला.

आमच्यात कुणी वर तोंड करून बोलायचं नाही. मीही कधी बोलले नव्हते. त्या दिवशी उठले. पोतं उचललं, उंबरा ओलांडला, मोकळी जमीन ओलांडली आणि फळ्याखाली पोतं टाकून बसले.

"चष्मा काढला, गुरुजी. आता हितनंच दिसतंय."

छडी आली. ती पोत्यावर पडली. तिला शिवायला कुणी पुढं येईना. मीच उचलली आणि त्यांच्यापुढं धरली. त्यांनी घेतली नाही. मग मी ती खाली ठेवली, चष्मा लावला आणि फळा वाचायला लागले. मोठ्यानं.

त्यानंतर कुणी माझ्याशी नीट वागलं असं नाही. पोरं सरकून बसली, पाटलांच्या वाड्यावर निरोप गेला, आई घाबरून दोन वेळा जेवली नाही. पुढं आयुष्यभर अशाच खोल्या भेटल्या. आता मी थकले आहे, चष्म्याची भिंगंही जाड झाली आहेत. पण मला दिसेल तिथंच मी बसणार. उठा म्हणणाऱ्यानं मला हात लावून उठवावं.