समुद्राकडची खिडकी

इकडे आखातात, महबूल्यातल्या आमच्या इमारतीत समुद्राकडचा एक फ्लॅट रिकामा झाला आणि मी लगेच क्लिनिकमधल्या माझ्या केनियन मैत्रिणीला कळवलं. ती नर्स, मी रिसेप्शनवर. हारिस, म्हणजे आमचा राखणदार, तिला फोनवर म्हणाला, "आव आव, खाली है." ती मुलीला घेऊन समोर उभी राहिली, तर म्हणे, "खलास, फ्लॅट गया."

असे 'गेलेले' फ्लॅट तिला नवे नव्हते. मुंबईत आडनाव सांगताच आमचेही बरेच गेलेत. माझं डोकं फिरलं. मी खाली जाऊन हारिसची बिनपाण्याने केली.

"मेरा क्या है मॅडम? इंडियन फॅमिली लोग गुस्सा करता है," तो म्हणाला. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं. मग त्याने हळूच तोडगा काढला. "समुंदरवाला तुम लो. तुम्हारा पीछेवाला उसको. पीछे कौन देखता है?"

आमच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि गळके एसी दिसतात. समुद्र म्हटल्यावर मी रागावायचंच विसरले. मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून झाले. शिवाय तिला घर मिळतच होतं की!

संध्याकाळी मायलेकी आमचा फ्लॅट बघायला आल्या. तिची मुलगी आणि माझी लेक जमिनीवर चित्र काढत बसल्या. चांदण्यांत तरंगणारी इमारत, काळ्याभोर बायका, डोक्याला सोनेरी फडकी, आणि हारिस म्हणून चक्क एक उडणारी राणी. मी विचारलं, "माझं घर कुठंय गं?"

तिच्या मुलीने इंग्रजीत शांतपणे समजावलं. ज्यांना आधी 'गेला' म्हणून सांगितलं, त्यांनी खिडक्या पहिल्यांदा निवडायच्या. उरतील त्या बाकीच्यांना. "आंटी, तुम्ही इथे, मागे. पण तुमचं किचन मोठं आहे."

आम्ही खो खो हसलो. तिच्या आईचं मात्र लक्षच नव्हतं. भिंतीकडच्या त्या खिडकीशी उभी राहून ती आनंदाने पडद्याचं माप वितीने घेत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तडक खाली गेले. "मी हलणार नाही. समुद्राकडचा तिला दे, नाहीतर फ्लॅट रिकामा का पडलाय ते मालकाला मीच सांगते," असं हारिसला हिंदीत ठणकावलं.

"अगो, हातचा समुद्र घालवलास!" नवरा हळहळला.

आता समुद्र तिच्याकडे आहे. मी चहाला जाते, खिडकीशी बसते आणि जळते. खोटं कशाला बोलू?