आमच्या गावची गारगोटी, ताईंची नजर

डॉ. महानंदा बिराजदार यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या महाविद्यालयात, इतिहास विभागाच्या दारात. त्या मुरूम गावच्या, नव्यानेच नेमणूक झालेल्या. प्राचार्यांनी त्यांना परिसर दाखवण्याचे काम माझ्यावर सोपवले. मी मोठ्या उत्साहाने ग्रंथालय दाखवत होतो आणि ताई बाहेर, बांधकामासाठी टाकलेल्या गोट्यांच्या ढिगापाशी वाकून उभ्या. "हे कुठल्या ओढ्याचे हो?" त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. त्या क्षणापासून मला ताईंचा हेवा वाटू लागला, आणि आज त्यांच्या पंचाहत्तरीतही तो टिकून आहे. या गौरवग्रंथाच्या संपादकांना मी हे आधीच सांगितले होते. "तेच लिहा," म्हणाले, म्हणून लिहितो.

माझे गाव ईट. तिथे आमचे चुलते नाना शेती पाहत. एका हिवाळ्यात मी विभागातल्या सगळ्यांना हुरड्याला नेले. हुरडा झाला, मंडळी बाभळीखाली कलंडली. ताई एकट्याच ओढ्याकडे गेल्या. ओढ्याकाठी नानांच्या रानात गोट्यांची खदान होती आणि रस्त्याच्या कामासाठी ती खोदणे चालू होते. याच खदानीत साचलेल्या पाण्यात मी पोहायला शिकलो. तिथल्या गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडल्या. तिथला दगडन् दगड माझ्या ओळखीचा, असे मी समजत होतो.

ताई परत आल्या त्या पदरात दगड घेऊन. मधाच्या रंगाची एक गारगोटी त्यांनी माझ्यापुढे धरली. पानासारखा आकार, दोन्ही कडांना बारीक दातेरी टवके.

"सर, हे फुटलेलं नाही. फोडलेलं आहे."

अश्मयुगातल्या माणसाचे ते हत्यार होते. माझ्या गावात, माझ्या घरच्या रानात, मी आणलेल्या पाहुण्यांना सापडलेले! मी अभिनंदन केले. रात्री जेवताना घास मात्र गोड लागला नाही.

आता खोदकाम थांबवणे भाग होते. "नानांशी मी बोलतो," असे मी ऐटीत सांगितले. मी बोललोही. मानवाची उत्क्रांती समजावली, जिल्ह्याचा नावलौकिक सांगितला. नानांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुजं पुस्तकातलं तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. दगूडच हाय न्हवं?"

पुढच्या रविवारी ताई स्वतः आल्या. भाषण केले नाही. नानांच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या, एक गारगोटी घेतली आणि दुसऱ्या दगडाने तिच्यावर घाव घालू लागल्या. एक घाव चुकला, बोटातून रक्त आले. नानांनी धोतराची चिंधी फाडून बांधली. ताई पुन्हा बसल्या. अखेर एक पातळ टवका निघाला आणि त्याने त्यांनी नानांच्या हातातले बैलाचे दावे सरळ कापून दाखवले.

"आना बगू हिकडं," नाना म्हणाले. त्यांनी दगड घेतला आणि हाणला. गारगोटीचा भुगा झाला. दुसरी घेतली, तीही गेली. दुपारभर ते घामाघूम होऊन दगड फोडत होते.

"जमंना की ओ, बाई! मंजे लई हुशार मानूस हुता म्हनायचा ह्यो."

"आणि तो तुमच्याच रानात बसून काम करत होता, नाना."

दुसऱ्या दिवशी नानांनी ट्रॅक्टरवाल्याला ओढ्याकडच्या बाजूवरून परत पाठवले. "त्या कडंला हात लावायचा न्हाय," एवढेच म्हणाले. ती कड आजही शाबूत आहे. सख्ख्या पुतण्याचे ऐकले नाही आणि बाईंचे ऐकले, हे मी त्या दिवशी घरात सर्वांना ऐकवले. कुणाला त्यात वावगे वाटले नाही.

ताईंनी त्या खदानीवर लेख लिहिला तेव्हा आपल्या नावाशेजारी माझे नाव घातले. मी काढायला सांगितले.

"जागा तुम्हीच तर दाखवलीत," त्या म्हणाल्या.

"मी हुरडा दाखवला होता, ताई."

त्या खूप हसल्या, पण नाव ठेवलेच. पुढे पुण्याहून आलेल्या अभ्यासकांनी माझ्याशी आदराने हात मिळवला. ताईंनी थोडा तरी अप्पलपोटेपणा केला असता, तर माझे किती सोपे झाले असते! मनासारखा रागही धरू देत नाहीत, ही त्यांच्याविषयीची माझी मुख्य तक्रार आहे.

नाना शेवटच्या आजारात धाराशिवला दवाखान्यात होते. उशाशी मी बसलेलो, ते दाराकडे पाहत विचारायचे, "बाई आल्या का?" ताई कॉलेज सुटल्यावर रोज यायच्या. एका संध्याकाळी नानांनी उशीखालून एक टवका काढून त्यांच्या हातावर ठेवला. कधीपासून ते घरी दगड फोडत होते, आम्हाला ठाऊकही नव्हते. ताईंनी तो उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला. "नाना, जमलं की हो!" त्या म्हणाल्या. नानांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. तो माझ्यामुळे झालेला नव्हता.

निवृत्तीनंतर मी दर आठवड्याला ओढे-नाले धुंडाळतो. जे मिळेल ते ताईंकडे नेतो. त्या चष्मा लावून, उलटून पालटून पाहतात आणि हळूच म्हणतात, "चहा ठेवते."

ताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो. यात माझा स्वार्थ आहे. कधीतरी मी त्यांच्या हातावर असा एखादा दगड ठेवीन, की त्या चहाचे विसरून जातील आणि त्यांना माझा हेवा वाटेल. तोवर त्यांनी राहायलाच हवे.