गोळी उतरेपर्यंत

पाहुणे असोत की डॉक्टर, आईला त्यांच्यापुढे नीटनेटकंच जायची सवय. उजवा खांदा इतका ठणकायचा की भाकरी थापताना ती ओठ घट्ट मिटायची, पण विचारलं की म्हणायची, "थोडंसंच गं." हाडांचे डॉक्टर म्हणाले, खांद्यात इंजेक्शन देऊ, पण आधी फिजिओथेरपीच्या बाईंनी हात तपासून हो म्हटलं पाहिजे. तेव्हा शहरात रोज काहीतरी नवं उघडत होतं. दिलसुखनगरात रंगीत टीव्हीच्या दुकानावर त्या बाईंचा दवाखानाही नवाच होता, आणि माझी खासगी कंपनीतली नोकरीसुद्धा. मोठ्या मिनतवारीनं रजा काढून मी आईला काचीगुड्याहून रिक्षानं घेऊन गेले.

बाई तेलुगू, माझ्याच वयाच्या. "अम्मा, हात उप्पर करो."

आईनं हात थेट कानापर्यंत नेला. मग बाजूला, मग पाठीमागे. कपाळावर एक आठी नाही. मी बघतच राहिले.

"इनकू इंजेक्शन नक्को," बाई म्हणाल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "अम्मा, गोली खाके आए क्या?"

"हौ," आई अभिमानानं म्हणाली. "तेल बी लगाके आई. दवाखाने कू वैसाच कैसा आते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र हसल्या आणि गोळीचा असर उतरेपर्यंत त्यांनी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. दुपार कलली तसा आईचा हात मांडीवर येऊन पडला. "तू खाली जाऊन टीव्ही बघ जा," ती मला म्हणाली. मी हलले नाही.

पुन्हा आत गेलो. आता हात खांद्याच्या वर जाईना. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. ते बघून बाईंनी मला पडद्याबाहेर काढलं.

मग आई कण्हली, चांगली मोठ्यानं. आईचं कण्हणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. "रात कू नींद नै आती," ती बाईंना सांगत होती. "बाल बी बांधने नै आता. बाजूवाली बांधती."

इंजेक्शन द्यायचं ठरलं. जिना उतरताना माझा पारा चढलाच. "शेजारणीकडून वेणी घालून घेतेस? मी घरात नव्हते का?"

"तू दमून येतीस," ती म्हणाली.

मला तिथंच रडू फुटलं, आणि आई डाव्या हातानं माझे डोळे पुसत राहिली.