हरिचंद्रचे तीन सेकंद

राजसी आज जेवली नाही. डबाही तसाच परत आला. माझी मुलगी भित्री होत चाललीय आणि तिला तसं मीच केलं, हे मनातून जात नाही.

पाच वर्षं ती आमच्या कॅम्प दोन भागातल्या स्टुडिओत लग्नांचे व्हिडिओ जुळवते. नवरीची पापणी लवली तरी तिच्या नजरेतून सुटत नाही. गेल्या आठवड्यात तिथे वेणू आली, नवऱ्याचा फोन घेऊन. तिचा नवरा हरिचंद्र आनंदनगरच्या एका कारखान्यात पत्रा दाबणारी प्रेस चालवतो. नवं मशीन घरी दाखवायचं म्हणून त्याने फोन खांबाला टेकवून व्हिडिओ चालू ठेवला होता. त्यातच अपघात टिपला गेला. सुपरवायझर ‘सोड’ ओरडला, हरिचंद्रने प्रेस खाली सोडायचं बटण दाबलं आणि बाळा नावाच्या हेल्परची दोन बोटं गेली. सुपरवायझर आता म्हणतो, मी सांगण्याआधीच याने दाबलं. चौकशीसाठी व्हिडिओ पेनड्राइव्हवर हवा होता.

राजसीने तो दुकानातल्या नेहमीच्या सेटिंगवर बदलून दिला. ते सेटिंग लग्नाच्या कॅमेऱ्यांचं, सेकंदाला ठरलेली चित्रं काढणाऱ्या. फोन अंधारात कमी चित्रं काढतो आणि प्रत्येक चित्राची वेळ नोंदवून ठेवतो. सेटिंगने त्या वेळा बघितल्याच नाहीत, सगळी चित्रं सारख्या अंतरावर बसवली. चित्र पुढे पळालं, आवाज मागे राहिला. पेनड्राइव्हवर आधी बटण दाबलं जातं, ‘सोड’ तीन सेकंदांनी ऐकू येतं.

काल वेणू परत आली. “ताई, फोनवर तर आवाज आधी येतो.”

राजसीला लगेच कळलं. पण स्टुडिओचा शेठ तिला आत बोलावून म्हणाला, “गलती मान ली तो दुकान को ताला. बोल उसको, फोन खराब है.”

तिने तसं सांगितलं. घरी येऊन मला विचारलं, “आई, खरं सांगू का तिला?”

मी काय म्हणाले? “आपल्याला काय करायचंय, नोकरी सांभाळ.” शेठवर संतापायचा हक्कच उरला नाही, त्याचंच बोलणं मी मराठीत बोलले. दहावीला हिचे दोन गुण चुकून कमी लागले, तेव्हा हीच मी तीन महिने बोर्डात खेपा घालत होते.

मघाशी वेणूचा मेसेज आला. फोन खराब आहे म्हणून सकाळी दुरुस्तीला टाकणार. दुरुस्तीवाला म्हणतो, आतलं सगळं पुसावं लागेल. अकराला चौकशी आहे.

“काय लिहू?” राजसीने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

“तू काही लिहू नकोस. नंबर दे.”

वेणू झोपली असेल तर उठवीन. सांगेन, फोन कुणाच्या हातात देऊ नकोस, तोच घेऊन चौकशीला जा. राजसी येईल सोबत. मीही येईन.