पाय धुतल्याशिवाय आत नाही

"थांबा तिथंच. पाय पुढं करा!"

हातात पितळी तांब्या, कमरेला खोचलेला पदर आणि चेहऱ्यावर असा भाव, की आता ही आपल्याला ओवाळणारच. धारूरच्या डोंगराकडेला एका वस्तीवर ही मावशी राहायची. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. माझेही पाय तिनं कितीदा तरी धुतले. तुम्ही गेला असतात तर तुमचेही धुतले असते.

खरं कारण कोंबड्या. दिवाळीच्या सुमाराला वस्तीतली निम्मी घरं ऊस तोडायला जायची आणि जाताना आपापल्या कोंबड्या मावशीच्या अंगणात सोडायची. ओळखायला पायात घरधनिणीच्या जुन्या लुगड्याची चिंधी. अंडी मावशीची, पिल्लं अर्धीअर्धी, कोंबडी मात्र जशीच्या तशी परत द्यायची.

एका हिवाळ्यात बर्ड फ्लूची बातमी आली. मी मावशीला सांगितलं, कोंबड्या कोंडून ठेवा, बाजारातलं पाखरू आणू नका, बाहेरची चप्पल आत येऊ देऊ नका. एकीला रोग लागला तर आजूबाजूच्या सगळ्याच माराव्या लागतात.

"माझ्या असत्या तर रडून मोकळी झाले असते," मावशी म्हणाली. "पर ह्या लोकाच्या. ते आल्यावर काय तोंड दावू?" मग पदर खोचत, "पर दारात आलेल्याला चपला काड म्हणलं की राग येतोय. बगते मी त्याचं."

पुढच्या खेपेला पाहतो तर मावशीनं पाण्यात धुण्याचा सोडा कालवलेला आणि येईल त्याचे पाय धुणं चालू. चपला ती मोठ्या आदरानं उचलून लांबच्या बाभळीखाली नेऊन ठेवायची. सोयरे खूश, जावई खूश. इथं फार मान मिळतो असा बोभाटा झाला आणि लोक उगीचच यायला लागले. मग मावशीनं सोडा वाढवला.

एकदा शेजारच्या गावचे पुढारी मतं मागायला आले. त्यांचं स्वतःचं मोठं पोल्ट्री शेड. मावशीनं त्यांना दगडावर बसवलं, बूट काढले, पाय धुतले. साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. "अशी माया मला कुठंच मिळाली नाही," ते म्हणाले. कार्यकर्त्यांनी फोटो काढले.

मावशी माझ्या कानाशी लागली. "डाक्टर, शेडातनं सरळ आलाय. बुटाला पिसं हायेत." आणि तिनं साहेबांच्या टाचा पुन्हा एकदा काथ्यानं घासल्या.

वस्ती सुखरूप राहिली. सीझन संपला, ट्रॉल्या परतल्या. बाया घरी न जाता आधी कोंबड्यांकडं धावल्या. मावशीनं त्यांनाही अडवलं. एकीच्या टाचा उसाच्या खुंटांनी फाटल्या होत्या. सोडा झोंबेल म्हणून मावशीनं कोमट पाणी आणि साबण घेतला.

"आमचे पाय कुनी धुतले न्हाईत कदी," ती बाई म्हणाली आणि रडायला लागली.

"रडतीस कावून? चिंधी बग आन् तुझी कोंबडी घिऊन जा. लई खाती मेली!"

गेल्या उन्हाळ्यात मावशी वारली. दिवाळीच्या सुमाराला मी वस्तीवर गेलो, तेव्हा ट्रॉली निघायच्या बेतात होती. भांड्याकुंड्यांवर, अगदी वर, बांबूची एक झाकलेली डाल होती.

"कोंबड्या कुठं नेता?" मी ओरडलो. "वाटेत दहा ठिकाणची माणसं, पाखरं..."

"मंग कुनापाशी ठिवावं, डाक्टर?" ट्रॉलीवरून एका बाईनं विचारलं.

मी मावशीच्या रिकाम्या अंगणाकडं पाहिलं. ट्रॅक्टर सुरू झाला आणि डालीच्या भोकांतून माना बाहेर काढून कोंबड्या साखर कारखान्याच्या वाटेला लागल्या.